नगर दिसतं ते डोंगरावरून

नगर शहरात कुठल्याही चौकात उभं राहून शहर दिसत नाही. माळीवाड्यात थांबा, दिल्ली दरवाजात थांबा, नाहीतर सावेडीतल्या एखाद्या अपार्टमेंटची गच्ची गाठा. समोरच्या चार इमारती, पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे मनोरे यांच्यापलीकडे नजर जात नाही. इथे समुद्र नाही आणि रुंद पात्राची नदीही नाही. सीना तर पावसाळा सोडला की पुलावरून जाताना लक्षातही येत नाही. मुंबईकराला मरीन ड्राइव्हवर नुसतं उभं राहून शहराची सगळी ओळ दिसते. नगरकराला त्यासाठी गावाबाहेर जाऊन डोंगर चढावा लागतो.

डोंगर मात्र हाकेच्या अंतरावर आहेत. नगर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर, एका उथळ परातीच्या तळाशी वसलं आहे. पुण्याकडून येताना कामरगावचा घाट लागतो, मनमाडकडून विळदचा, छत्रपती संभाजीनगरकडून इमामपूरचा. बालाघाटच्या या फाट्यांमुळे पाणीही वाटलं जातं. उत्तर उतारावर पडलेला पाऊस गोदावरीकडे जातो, दक्षिणेचा सीनेतून भीमेला मिळतो. शहर का इथे वसलं, पाणी कुठून आणलं, किल्ला सपाटीवर का बांधला, या प्रश्नांची उत्तरं पुस्तकांत आहेतच. पण डोंगरावर अर्धा तास उभं राहिलं की ती डोळ्यांना दिसतात. म्हणून नगर पाहायला आलेल्या पाहुण्याला मी आधी किल्ल्यात किंवा संग्रहालयात नेत नाही, डोंगरावर नेतो.

परदेशात शहरं अशी लांबून पाहण्याच्या जागा फार जपतात. कॅनडात नोकरीला गेलेल्या नगरच्या मुलामुलींचे फोटो आता घरोघरी फोनवर येतात. टोरांटोचा फोटो बहुधा समोरच्या बेटांवरून किंवा तिकडे जाणाऱ्या बोटीतून काढलेला असतो. खाली सरोवराचं पाणी आणि मधोमध 1976 साली खुला झालेला 553 मीटरचा सीएन टॉवर. व्हँकुव्हरच्या फोटोत इमारतींच्या मागे डोंगर असतात. मला त्यातलं मॉन्ट्रियल सर्वांत जवळचं वाटतं, कारण तेही डोंगराच्या कुशीतलं शहर आहे. तिथला माउंट रॉयल जेमतेम 233 मीटर उंच, म्हणजे आपल्या डोंगरांपुढे टेकडीच. त्यावरचं उद्यान फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या रचनाकाराने आखलं आणि ते 1876 मध्ये लोकांसाठी उघडलं. वरच्या सज्ज्यावरून खालचं शहर आणि सेंट लॉरेन्स नदी दिसते. शहरातल्या कुठल्याही इमारतीने डोंगराच्या माथ्यावर डोकं काढू नये, असा नियम तिथे आहे. नियमामुळे डोंगरावरून शहर दिसतंच, शिवाय शहरातूनही डोंगर दिसत राहतो. नगरला असा लिखित नियम नसूनही आजवर हे जमलेलं आहे. शहराच्या पूर्वेला मोकळं आकाश सापडलं की क्षितिजावर एक अष्टकोनी इमारत दिसते. तोच चांदबीबी महाल.

नाव चांदबीबीचं असलं तरी ही कबर आहे सलाबतखानाची. मुर्तझा निजामशाहाचा हा वजीर. 1580 च्या सुमारास ही वास्तू उभी राहिली. चांदबीबीचा मृत्यू 1600 साली किल्ल्यात झाला आणि या इमारतीशी तिचा काही संबंध नाही. तिने 1595-96 मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला ज्या हिमतीने लढवला, तिची आठवण लोकांना जवळच्या सर्वांत उंच इमारतीला जोडावीशी वाटली असावी. ते मला चुकीचं वाटत नाही. फक्त सलाबतखानाचं नावही सोबत घेतलं जावं. कारण हा माणूस बांधणारा होता. शहराच्या दक्षिणेचा फराहबाग महाल त्याच्याच देखरेखीत 1583 च्या सुमारास पुरा झाला. भातोडीच्या तलावाशीही त्याचं नाव जोडलेलं आहे.

महालाला जायचं तर पाथर्डी रस्त्याने, म्हणजे कल्याण-विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्गाने निघायचं. भिंगार मागे पडलं की दहाएक किलोमीटरवर डाव्या-उजव्या टेकड्या जवळ येतात आणि वर जाणारी वाट फुटते. वळणावळणाचा डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो. पहाटे सायकलवाले आणि पळणारी मुलं याच चढावर घाम गाळताना दिसतात; त्यात सैन्यभरतीची तयारी करणारे बरेच असतात. पायथ्यापासून चालत गेलात तर डोंगराचा कोरडेपणा नीट कळतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. पावसाळ्यानंतर दोन महिने गवत गुडघाभर असतं, मग ते पिवळं पडतं आणि त्याची कुसळं पायमोज्यांत अशी रुततात की घरी आल्यावर एकेक करून उपटावी लागतात.

माथा समुद्रसपाटीपासून 3080 फुटांवर आहे, म्हणजे शहराहून साधारण साडेनऊशे फूट वर. हवेत दोनेक अंशांचा फरक पडतो आणि वाऱ्याचा त्याहून जास्त. इमारत तीन मजली, काळ्या दगडाची, आठ बाजूंची. सभोवती रुंद चबुतरा आणि प्रत्येक बाजूला कमान. नक्षी जवळजवळ नाहीच. सगळा डौल प्रमाणात आणि भिंतीच्या जाडीत आहे. वर जाणारा जिनाही भिंतीच्या जाडीतूनच काढलेला आहे. तो अरुंद आणि काळोखा, पायऱ्या उंच, दगड पावलांनी गुळगुळीत झालेला. आतल्या गारव्यातून एखाद्या कमानीशी आलं की समोर एकदम उजेड आणि त्या उजेडात खाली पसरलेलं नगर. ही वास्तू संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावर सोडतात की नाही ते त्या दिवशीच कळतं. पण शहर पाहायला चबुतराही पुरेसा आहे.

शहर वाचायचं कसं, हे मी त्याच चबुतऱ्यावर एका आजोबांकडून शिकलो. सोबत सात-आठ वर्षांची नात होती आणि तिला आपलं घर सापडत नव्हतं.

“आजोबा, आपलं घर कुठंय?”

“घर मागून. आधी किल्ला धर. तो बघ, झाडांचा काळपट गोल.”

“सापडला.”

“आता उजव्या हाताला सरक. पत्र्याची लांब शेडं चमकत्यात का? ती एमआयडीसी. किल्ला आन् एमआयडीसी, याच्या मधी आपलं सावेडी.”

पोरीने बोट नाचवत नाचवत घर ठरवलं आणि ती खूश झाली. त्या दिवसापासून मीही नवख्या माणसाला आधी किल्लाच दाखवतो. भुईकोट असल्यामुळे त्याची भिंत इतक्या लांबून उठून दिसत नाही, पण खंदकाकाठची आणि आतली दाट झाडी चटकन ओळखू येते. किल्ल्याच्या अलीकडे भिंगार आणि छावणी, म्हणजे नगरचा सर्वांत हिरवा, सर्वांत कमी उंचीचा भाग. लष्कराच्या मोठमोठ्या मोकळ्या जागांमुळे शहराची पूर्व बाजू आजही झाडांत बुडालेली आहे. किल्ल्याच्या मागे दाटीवाटीचं जुनं गाव, उजवीकडे सावेडी आणि नागापूरची औद्योगिक वसाहत, डावीकडे लांब केडगाव. अलीकडच्या काळातली ठळक भर म्हणजे उड्डाणपूल. नोव्हेंबर 2022 मध्ये तो सुरू झाला आणि दिवे लागल्यावर जुन्या वस्तीच्या कडेने प्रकाशाची एक सलग रेघ ओढल्यासारखी दिसते.

उजेडाचं गणित मात्र आधी समजून घ्यावं, नाहीतर फोटो काढायला गेलेले लोक हिरमुसून परततात. हा डोंगर शहराच्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि शहरावर समोरून उजेड पडतो. इमारती, मशिदींचे घुमट, देवळांची शिखरं, टाक्या वेगवेगळ्या दिसतात. संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे बुडतो, त्यामुळे तपशील हरवतो आणि सगळं एका पट्टीत काळं होतं. पण त्यानंतरची चाळीसेक मिनिटं सर्वांत सुंदर. आकाश जांभळट असतानाच एकेका वस्तीत दिवे लागत जातात. आधी छावणीच्या सरळ रस्त्यांवर, मग सावेडीत, शेवटी सगळीकडे. वस्ती कुठे दाट आहे आणि कुठे विरळ, हे दिवसा कळत नाही तेवढं या वेळी कळतं.

ऋतूही पाहावा लागतो. पाऊस नुकताच सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, हवा धुतलेली असते. हाच सीताफळांचा हंगाम. परतताना रस्त्याकडेला पाट्या लागलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे जड झालेली हवा तळाशी साचते, चुलींचा आणि गाड्यांचा धूर तिच्यात अडकतो आणि सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत शहरावर करडा थर बसून राहतो. हिवाळ्यात म्हणून पहाटेची धावपळ करण्यापेक्षा दहानंतर जावं. एप्रिल-मे धुळीचे, तेव्हा फक्त रात्रीचे दिवे पाहण्यात अर्थ आहे.

महालाबद्दल लोक एक गोष्ट हमखास सांगतात. ही इमारत सात मजली होणार होती आणि वरच्या मजल्यावरून दौलताबादचा किल्ला दिसणार होता. ऐकताना ही दंतकथा वाटते, पण आकडेमोड करून पाहिली तर ती अगदीच पोकळ नाही. सपाट मुलखात उंच जागेवरून क्षितिज किती लांब असतं, त्याचा एक ढोबळ नियम आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला 3.57 ने गुणायचं. येणारा आकडा किलोमीटरमध्ये. आपला डोंगर शहरापासून 290 मीटर वर, म्हणजे क्षितिज साधारण 60 किलोमीटरवर. देवगिरीचा सुळका आजूबाजूच्या जमिनीहून दोनेकशे मीटर उंच. त्याचे झाले 50. दोन्ही मिळून 110 किलोमीटर, आणि दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर आहे शंभराच्या आसपास. म्हणजे पृथ्वीची गोलाई आडवी येत नाही. आडव्या येतात त्या उत्तरेच्या डोंगररांगा आणि हवेतली धूळ. चार मजल्यांनी ती अडचण कितपत सुटली असती ते सांगणं कठीण, पण ही गोष्ट पहिल्यांदा सांगणाऱ्याने इथे उभं राहून उत्तरेकडे डोळे ताणून पाहिलं असेल, याची मला खात्री वाटते.

शहराकडे पाठ करून डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही जावं. बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. तो भातोडीचा मुलूख. 1624 मध्ये मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा तिथे पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल करण्याची मलिक अंबरची चाल मराठी माणसाने शाळेत वाचलेली असते. पण उतार कुठून कुठे आहे हे वरून पाहिल्यावर ती पटते.

पाण्याची गोष्ट खरं तर पश्चिमेच्या बाजूला जास्त लांब आहे. मलिक अहमदने 1490 मध्ये हे शहर वसवलं तेव्हा पुढच्या शंभर वर्षांत इथे बागा, हमामखाने, कारंजी होतील इतकं पाणी सीनेत नव्हतं. निजामशाहीने ते डोंगरांच्या पायथ्याशी शोधलं. कापूरवाडी, शहापूर, वडगाव, पिंपळगाव, नेप्ती अशा गावांजवळच्या विहिरींतून जमिनीखालून खापरी नळ काढले आणि शहरात, किल्ल्यात, बागांत नेले. जागोजागी उच्छ्वास ठेवले. उपसायला काही नाही. सगळा कारभार उतारावर. महालाच्या चबुतऱ्यावरून शहापूर पायाशी दिसतं, उजवीकडे कापूरवाडीच्या तलावाचं पाणी चमकतं आणि तिथून शहराकडे जमीन किती हळू उतरते ते नजरेने मोजता येतं. आज शहर मुळा धरणाचं पाणी पितं. धरण शहराच्या खालच्या पातळीवर, त्यामुळे विळदमार्गे पंपांनी पाणी चढवून वसंत टेकडीच्या टाक्यांत आणावं लागतं. चारशे वर्षांपूर्वी पाणी स्वतः चालत येत होतं, आता ते विजेवर येतं. वरून दोन्ही दिशा एका नजरेत दिसतात.

दुसरी जागा उत्तरेला, डोंगरगणच्या बाजूची. नगरहून वांबोरीच्या रस्त्याने गेलं की पिंपळगाव माळवीचा तलाव लागतो आणि पुढे मांजरसुंबा गड व गोरक्षनाथ गड अशी जोडी उभी राहते. इंग्रजांना डोंगरगणची दरी फार आवडे. त्यांनी तिला ‘हॅपी व्हॅली’ म्हटलं होतं. शहर इथून लांब पडतं, उन्हात विरघळलेल्या पट्ट्यासारखं दिसतं. ज्याला इमारती ओळखायच्या आहेत त्याने इथे येऊ नये. पण नगर कशाच्या मधोमध बसलंय हे इथून चांगलं कळतं: एकामागे एक सपाट माथ्यांचे डोंगर, मधे तलाव, आणि त्यापलीकडे शहर. मांजरसुंब्यावर निजामशाही वाड्याची पडकी भिंत अजून उभी आहे, हौद आहेत, दरीतून पाणी वर ओढण्यासाठी केलेली मोटेची रचनाही दिसते. राजघराण्याने ही जागा केवळ पहाऱ्यासाठी निवडलेली नव्हती. वाड्याच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते पाहा, दृश्य बघूनच बांधकाम केलंय हे ध्यानात येईल. कठडे ढासळलेले आहेत, लहान मुलांना हाताशी धरावं. गोरक्षनाथ गडावर देवस्थान आहे आणि श्रावणात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

दक्षिणेकडे, दौंड रस्त्याला, अरणगावजवळची मेहेराबादची टेकडी आहे. तिथे मेहेरबाबांची समाधी आहे. 31 जानेवारीला जगभरातून लोक येतात. टेकडी बुटकी, पण शहराच्या दक्षिणेला असल्यामुळे नजर उत्तरेकडे जाते आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर पाठीशी राहतो. जागा शांततेची आहे. तिथे कॅमेरे घेऊन गोंधळ घालायला जाऊ नये. दर्शनाला गेलात तर परतताना उत्तरेकडे थोडं थांबावं, इतकंच.

जिल्ह्यातली सर्वांत उंच जागा, महाराष्ट्रातलीही, कळसूबाई. 1646 मीटर. तिथून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, सह्याद्रीचे किल्ले दिसतात, पण नगर शहर काही दिसत नाही. जिल्हा एवढा मोठा की त्याचं सर्वोच्च शिखर आणि त्याचं मुख्य शहर यांची दृष्टिभेटही होत नाही. नाव आता अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं जन्मगाव चोंडी आणि कळसूबाई जिल्ह्याच्या दोन टोकांना, आणि बोलताना अजून सगळेच ‘नगरला चाललो’ म्हणतात.

उरतो किल्ला. त्याच्या तटावर चढून जे दिसतं ते महालावरून दिसणाऱ्या चित्राची दुसरी बाजू. हुसेन निजामशाहाने 1559 ते 1562 च्या दरम्यान मूळ मातीच्या कोटाच्या जागी दगडी तट बांधला. घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, भोवती रुंद खंदक. महाराष्ट्रात डोंगर दिसला की किल्ला, अशी रीत असताना हा सपाटीवर का, असं विचारणारे खूप भेटतात. तटावरून पूर्वेला पाहा. महालाचा डोंगर दिसतो, पण तो आठ-नऊ किलोमीटर दूर आहे. त्या काळच्या कुठल्याही तोफेचा गोळा तिथून इथपर्यंत येणं शक्य नव्हतं. आणि मधल्या सपाटीवर शत्रूचा तळ पडला तर तो लपूनही राहत नव्हता. भुईवर असूनही किल्ला उघडा पडत नव्हता. उलट चालून येणाऱ्यालाच लपायला आडोसा मिळत नव्हता. तरीही 1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने आधी पेठ आणि मग चार दिवसांत, 12 तारखेला, किल्ला घेतला.

याच किल्ल्यात 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना आणून ठेवलं. नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव अशी माणसं तिथे अडीच वर्षांच्या आसपास, कुणी त्याहूनही अधिक काळ राहिली. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं आणि त्याची सुरुवात आकाशातल्या चंद्रापासून केली. आझादांच्या तिथल्या पत्रांत चिमण्यांवर पानंच्या पानं आहेत. तटाच्या आत राहणाऱ्याला वर आकाश आणि समोर पाखरं एवढंच दिसत होतं. सबंध हिंदुस्थानावर लिहिणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडचं नगर पाहायला मिळत नव्हतं, हे तटावर उभं राहिल्यावर फार जाणवतं.

या जागांची आज होणारी आबाळ मात्र बघवत नाही. महालाच्या कमानींत खिळ्यांनी कोरलेली नावं, चबुतऱ्यावरच्या फुटलेल्या बाटल्या, पायथ्याच्या टेकड्यांतून मुरुमासाठी पाडलेले लचके. मुरुमाचा खड्डा भरून येत नाही आणि डोंगराची कड एकदा तुटली की शहरातून दिसणारी ओळ कायमची बदलते. मॉन्ट्रियलने दीडशे वर्षांपूर्वी डोंगर उद्यान म्हणून राखला. आपल्याकडे महालाच्या डोंगराचा, म्हणजे शाह डोंगराचा, माथा स्मारकामुळे वाचला आहे. उतार आणि आजूबाजूच्या टेकड्या अजून राखायच्या आहेत, आणि त्यासाठी शहरातल्या माणसाने तिथे वारंवार जायला हवं.

जायचंच तर एकाच दिवशी महाल आणि किल्ला दोन्ही करा. ऑक्टोबरातली सकाळ निवडा. सात वाजता महालावर, पाणी बरोबर घेऊन, कारण माथ्यावर सोय असेलच असं नाही. नऊपर्यंत शहर नीट पाहून घ्या, किल्ला कुठे, फराहबाग कुठल्या दिशेला, कापूरवाडी कुठे, हे बोटाने एकमेकांना दाखवा. मग खाली उतरून भिंगारमध्ये चहा-नाश्ता करा आणि किल्ल्यावर जा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रत्येकाने ओळखपत्र सोबत ठेवावं आणि कुठपर्यंत फिरता येईल ते दारावरच विचारून घ्यावं.